तेवीस मिलिमीटर

फोंड्याहून पणजीला जाणारी संध्याकाळची बस. बाणस्तारीचा पूल मागे पडला, बाहेरचा उजेड उतरला आणि आतले दिवे अजून लागायचे होते. खिडकीशी बसलेल्या म्हातारीने दहा रुपये म्हणून दोन नाणी कंडक्टरच्या तळहातावर ठेवली. त्याने न बघताच एक परत केलं. "माई, हे पाचाचं नव्हे, दोनाचं." तिने ते चिमटीत धरून दोनदा फिरवलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हाताला तर पाचाचंच लागतं रे." कंडक्टर हसला. दोन्ही नाणी एकावर एक ठेवून त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली. एक पितळी, एक पांढरं. कडा मात्र काठोकाठ जुळल्या, नखालासुद्धा पायरी लागणार नाही इतक्या.

म्हणजे म्हातारीचा हात बरोबर होता.

टाकसाळीच्या कागदावर पाहिलं तर हा घोळ लख्ख दिसतो. २०११ च्या मालिकेतलं पाच रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं. ७ मार्च २०१९ ला जी नवी मालिका जाहीर झाली, तिच्यात २३ मिलिमीटर आले दोन रुपयांच्या वाट्याला, आणि पाचाचं नाणं २५ चं झालं. आणि २५ मिलिमीटरचं कोण होतं? २०११ चं दोनाचं. दोघांनी चक्क जागा बदलल्या. गंमत अशी की २०१९ ची मालिका खास अंधांना सोयीची म्हणून काढलेली. किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढेल, असा तिचा साधा नियम: एक रुपया २० मिमी, दोन २३, पाच २५, दहा २७, आणि वीसही २७ चंच, पण बारा बाजूंचं. नियम चोख आहे. फक्त खिशात एकच मालिका असायला हवी.

हे सगळं आठवायचं कारण, नाणी वेगळी करणारं यंत्र. लेगोच्या ठोकळ्यांचं, मोटर किंवा सेन्सर नसलेलं, हाताने दांडा फिरवायचा असं. चवथीच्या दिवसांत घरोघर आरत्या होतात, ताटात चिल्लर साठते आणि ती मोजायला पोरं बसतात. त्या पोरांसाठी याहून चांगला उद्योग नाही. अशी यंत्रं जगभर पोरं बांधतात, आणि त्यांची कल्पना एका ओळीत मावते: उतारावरून नाणं गडगडत जातं, वाटेत लहान ते मोठी अशी भोकं असतात, ज्याला जे भोक पुरतं त्यात ते पडतं. ज्या देशात प्रत्येक किमतीचा एकच आकार ठरलेला आहे, तिथे एवढ्यावर काम संपतं. आपल्याकडे मात्र इथून कामाला सुरुवात होते.

आधी ठोकळ्यांचं माप. ठोकळ्याच्या माथ्यावरचे गोल उंचवटे, त्यांना दाणे म्हणू. दोन दाण्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६. पातळ प्लेट त्याच्या तिसऱ्या हिश्श्याची, ३.२. नुसत्या प्लेट एकावर एक रचल्या तर मिळणारी मापं १९.२, २२.४, २५.६ अशी जातात आणि मधल्या फटीत आपली निम्मी नाणी हरवतात. पण एका दाण्याच्या रुंदीचा ठोकळा कुशीवर निजवला की त्याची उंची ९.६ ऐवजी ८ होते. आठाचे आणि तीन पूर्णांक दोनचे तुकडे मिसळले की पायरी येते १.६ ची. आता शिडी लिहून बघा: १९.२, २०.८, २२.४, २४.०, २५.६, २७.२. आणि चलनातल्या गोल नाण्यांचे व्यास: १९, २०, २२, २३, २५, २७. एकेका पायरीत एकेक नाणं जाऊन बसतं. डेन्मार्कमध्ये १९५८ साली पेटंट घेतलेल्या खेळण्याचा आणि आपल्या टाकसाळीचा काडीचा संबंध नाही, तरी मापं अशी जुळतात की मन प्रसन्न व्हावं. कागदावर इतकं सहज जमलेलं काम प्रत्यक्षात कुठे अडतं, हे मात्र बांधायला घेतल्यावरच कळतं.

सपाट तळाला भोकं पाडून नाणं आडवं सरकवायचा मोह होतो. तो टाळावा. आडवं नाणं घासत जातं, मध्येच अडतं, आणि चौकोनी भोकात गोल नाणं तिरकं होऊन रुततं. नाणं कडेवर उभं करून, मागच्या भिंतीला टेकवून गडगडत न्यावं. भिंत मागे कललेली, तिच्या पायाशी एक अरुंद कठडा, कठड्यावरून नाणं धावतं आणि पाठ भिंतीला टेकलेली असते. भिंतीत खिडक्या ठेवायच्या. खिडकीची उंची कठड्यापासून वरच्या ओठापर्यंत मोजायची. नाणं त्याहून बुटकं असेल तर खिडकीसमोर आल्याबरोबर त्याच्या पाठीचा आधार जातो आणि ते मागे उलटून आत पडतं. उंच असेल तर त्याचा माथा वरच्या ओठाला टेकतो आणि ते पुढे जातं. लहान खिडकी आधी, मोठी नंतर.

भिंत किती कलवायची? इथे लेगोच्याच 'टेक्निक' प्रकारातल्या भोकांच्या पट्ट्या कामाला येतात. ३-४-५ चा काटकोन त्रिकोण त्यांच्यात अचूक बसतो: चार घरं उभी, तीन आडवी, पाच तिरकी. भिंत उभ्या रेषेपासून जवळपास ३७ अंश मागे झुकते. इथे एक नेहमीची गफलत होते. घरं म्हणजे दोन भोकांमधलं अंतर, भोकं नव्हेत. तीन घरांना चार भोकांची पट्टी लागते, चाराला पाच, पाचाला सहा. भोकं मोजून त्रिकोण केला तर तो जुळतच नाही, आणि पोरं ओढून-ताणून पिन घुसवतात. पट्टी वाकते आणि पुढचं सगळं माप बिघडतं. कल याहून बराच कमी ठेवला तर नाणं खिडकीसमोरून निसटून जातं, उलटायला त्याला वेळच मिळत नाही. बराच जास्त ठेवला तर ते भिंतीवर लोळत घासत येतं आणि जरा तेलकट असलं की वाटेतच बसकण मारतं.

उतार वेगळा. दर आठ दाण्यांमागे एक ठोकळा उंची, म्हणजे ६४ मिलिमीटरला ९.६, साधारण साडेआठ अंश. दिसायला फारच सौम्य वाटतो आणि हात शिवशिवतात वाढवायला. वाढवू नये. गडगडणाऱ्या भरीव चकतीचा वेग तिच्या वजनावर किंवा आकारावर ठरत नाही. रुपया आणि दहाचं नाणं एकाच उतारावर सारख्याच जोराने वेग घेतात. ही यंत्राच्या सोयीची गोष्ट. पण अंतर वाढेल तसा वेग वाढतच जातो, आणि चारही खिडक्या एका सरळ रांगेत ठेवल्या तर शेवटच्या खिडकीपाशी नाणं जवळजवळ उडत पोचतं. म्हणून दोन मजले करावेत. प्रत्येक मजला २८ दाण्यांचा: सुरुवातीला ६ दाणे कोरी वाट, मग ८ दाण्यांची खिडकी, ३ दाण्यांचा खांब, पुन्हा ८ ची खिडकी, शेवटी ३ दाणे. पहिल्या मजल्याच्या टोकाला नाणं एका आडव्या भिंतीवर आपटून थांबतं, खालच्या मजल्यावर उतरतं आणि उलट दिशेला शून्यापासून धावायला लागतं. खिडकीसमोर नाण्याला मिळणारा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास असतो. तेवढा पुरतो, पण त्याहून कमी झाला तर नाही पुरत.

खिडक्या चारच पुरेत. पहिली २०.८, दुसरी २२.४, खालच्या मजल्यावर २४.० आणि २५.६. सत्तावीसला खिडकीच नको, जे उरेल ते टोकाच्या डब्यात. एकोणीसची वेगळी खिडकी करण्यात अर्थ नाही. २०११ ची पन्नास पैशांची नाणी तेवढी निघतात आणि ती पहिल्याच खिडकीत रुपयाबरोबर पडली तरी नुसत्या नजरेने उचलता येतात. पन्नास पैसे कायद्याने अजून चलनात आहेत, बाजारात कोणी घेत नाही, हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाऊन वेगळं सांगायला नको.

आता दुसरी खिडकी. सगळ्या यंत्राचा जीव तिच्यात अडकलेला असतो. तिच्यात २२ चं नाणं पडायचं आणि २३ चं पडायचं नाही. माप २२.४. म्हणजे २३ च्या नाण्याला वर धरून ठेवणारा ओठ फक्त ०.६ मिलिमीटरचा. नाण्याचा माथा गोल, त्यामुळे एवढ्या ओठाला त्याचा जेमतेम ७ मिलिमीटर रुंदीचा भाग टेकतो. तेवढ्यावर ते तरून जातं, पण माप तंतोतंत हवं. ही उंची सात प्लेट रचून केली तर सात सांधे आले. प्रत्येक सांध्यात केसाएवढी, ०.१ मिलिमीटरची फट राहिली तरी खिडकी २३ ची होते आणि नवे दोन रुपये बिनदिक्कत २०११ च्या रुपयांच्या डब्यात जाऊन पडतात. म्हणून दोन ठोकळे आणि एक प्लेट घ्यावी: ९.६, ९.६ आणि ३.२. सांधे कमी, चूक कमी. आणि दाबून बसवताना हाताच्या अंगठ्यावर विसंबू नये, टेबलावर ठेवून वरून तळहाताने भार द्यावा. २०.८ साठी कुशीवर निजवलेला एक ठोकळा, त्यावर एक ठोकळा आणि एक प्लेट, २४ साठी तसंच, फक्त प्लेट दोन, २५.६ साठी दोन सरळ ठोकळे आणि दोन प्लेट.

खिडकीची वरची चौकट, तिला तुळई म्हणू, ही दुसरी दुखरी जागा. ६४ मिलिमीटरचं मोकळं अंतर आणि वर नुसती एक प्लेट, तर ती बोटाने दाबली तरी मधे वाकते. नाणी खटाखट आपटायला लागली की ती दरवेळी थोडी उचलली जाते आणि मधूनच एखादं मोठं नाणं आत घुसतं. असा दोष फार छळतो, कारण तो दर वीस-पंचवीस नाण्यांत एकदाच दिसतो आणि शोधायला गेलं की दिसत नाही. तुळई दोन ठोकळे उंचीची करावी, वरच्या थरातला सांधा खालच्या थरातल्या सांध्यावर येऊ देऊ नये, आणि दोन्हींच्या मधून एक लांब प्लेट घालावी. गवंडी भिंत बांधताना जे करतो तेच.

कठड्यावर दाणे असून चालत नाही, हे सांगायला नको. तिथे बिनदाण्यांच्या गुळगुळीत टाइल. चार दाण्यांच्या सात टाइल एका मजल्याला, म्हणजे दोन मजल्यांना चौदा. टाइलच्या सांध्यावर नख फिरवून बघावं. पुढची टाइल किंचित वर असेल तर नाणं तिथे उडी मारतं. उडी मारून वर गेलेलं नाणं ओठात अडकतं आणि मागची सगळी रांग थांबते.

ठोकळे मिसळ असले तर आणखी एक तपासणी. मूळ ठोकळे महाग, त्यामुळे घरातल्या डब्यात स्वस्तातले, तसेच दिसणारे ठोकळे हटकून मिसळलेले असतात. खेळायला त्यांनी काही बिघडत नाही, इथे बिघडतं. दहा प्लेट एकावर एक घट्ट बसवून, वरचे दाणे सोडून माप घ्यावं. ३२ मिलिमीटर भरलं पाहिजे. ज्या ठोकळ्यांचं माप साडेबत्तीस भरतं, ते पायाला आणि खांबांना वापरावेत, खिडक्यांना नाही.

नाणी वर ओतली की एकेक करून खाली यावीत, यासाठी जी चकती लागते तिच्यावर बहुतेक लोक हात टेकतात. नरसाळं करून चालत नाही. दोन नाणी तोंडाशी एकमेकांत कमान करून बसतात आणि वरून कितीही हलवलं तरी ढिम्म हलत नाहीत. उपाय म्हणजे तिरकी फिरती चकती. पाव वर्तुळाच्या चार ६×६ प्लेट जोडल्या की ९६ मिलिमीटरची गोल चकती होते. तिच्या तोंडावर टाइल लावायच्या, आणि सहा ठिकाणी टाइलऐवजी मधोमध एकच दाणा असलेल्या दोन-दोन छोट्या प्लेट. चकती त्याच ३-४-५ च्या त्रिकोणावर तिरकी टेकवायची आणि खालच्या अर्ध्या भागाभोवती नाण्यांसाठी कुंपण करायचं. चकती फिरते, दाण्यांच्या जोडीवर एक नाणं बसून वर येतं आणि माथ्यावर पोचलं की बाजूच्या फटीतून वाटेला लागतं. खुबी दाण्याच्या उंचीत आहे. दाणा असतो १.७ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण एका नाण्याच्या जाडीइतका. त्यामुळे पहिलं नाणं अडतं आणि त्याच्या अंगावर चढलेलं दुसरं घसरून परत ढिगात जातं. इथे प्लेट वापरून ३.२ चा कठडा केला तर दोन पातळ नाणी जोडीने वर येतात आणि जोडीने भलत्या खिडकीत पडतात.

दांड्याला ८ दात्यांचं गियर, चकतीला ४० दात्यांचं. पाच फेरे फिरवले की चकती एकदा फिरते आणि सहा नाणी सुटतात. सेकंदाला एक फेरा या बेताने मिनिटाला ७२ नाणी. मजला ओलांडायला नाण्याला सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो, तेव्हा एका मजल्यावर एका वेळी एकच नाणं राहतं. पोरांच्या हाती दांडा दिला की हा हिशेब मोडतो, ते वेगळं.

इथवर यंत्र छान चाललं तरी डब्यांत डोकावलं की बसमधला तोच वाद पुन्हा उभा राहतो. २४ च्या खिडकीखाली पितळी पाच आणि पांढरे दोन गुण्यागोविंदाने एकत्र. यंत्राने काही चुकीचं केलेलं नाही. त्याला व्यास विचारला, त्याने व्यास सांगितला. मग त्याला दुसरा प्रश्न विचारावा लागतो, धातूचा. दोनाचं नाणं पोलादी, चुंबकाला चिकटतं. पाचाचं निकेल-पितळेचं, चिकटत नाही. डब्याच्या आधी एक छोटी गुळगुळीत घसरण करायची, तिच्या वर एक चाक आणि चाकाच्या परिघात निओडिमियमचे १० मिलिमीटरचे तीन-चार चुंबक. हे चाक त्याच दांड्यावर जोडता येतं. पितळी नाणं खालून सरळ निघून जातं, पोलादी चाकाला चिकटून फेरी मारतं आणि पलीकडे एका पट्टीला अडून दुसऱ्या डब्यात पडतं. चुंबक उघडा ठेवला तर नाणं पट्टीने सुटत नाही, चाकच अडकतं. चुंबकावर एक टाइल आली की मधे ३.२ मिलिमीटरचं अंतर पडतं आणि पकड मवाळ होते. आपल्याकडे टाइल आणखी एका कारणाने हवी: खाऱ्या हवेत या चुंबकांचा चकचकीत मुलामा एक-दोन पावसाळ्यांत फुगून सुटतो आणि आतली काळी भुकटी सगळीकडे लागते.

असंच चाक २५.६ च्या खिडकीलाही. तिथून नवे पितळी पाच वेगळे होतात.

आणि उरलेल्या पोलादी पंचवीसांपाशी यंत्र हात जोडतं. १९९२ पासून निघालेला पोलादी रुपया, नंतरचा अंगठा दाखवणाऱ्या हाताचाही, २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. २०११ चे दोन रुपये २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम. धातूही तोच. व्यास, वजन, चुंबक, काहीही विचारा, दोघांचं उत्तर एकच. २०११ ची यादी शेजारी ठेवली की हे एका नाण्यापुरतं नाही हे ध्यानात येतं. त्या वर्षी ३० जूनला पंचवीस पैसे चलनातून गेले, आणि मागोमाग आलेल्या मालिकेत पन्नास पैशांनी पंचवीस पैशांचा १९ चा आकार घेतला, रुपयाने जुन्या पन्नास पैशांचा २२ चा, आणि दोन रुपयांनी जुन्या रुपयाचा २५ चा. भाडेकरू एकेक खोली खाली सरकले, दारांचे क्रमांक तेच राहिले. त्यामुळे आपल्या चिल्लरीत आकारावरून किंमत कळण्याआधी वय कळतं. पंचवीसच्या पोलादी डब्यात हात घातला की एकाच मापात पंधरा-वीस वर्षांचा फरक बोटांना लागतो, आणि भाव किती उतरला हेही.

गोव्यातल्या म्हाताऱ्या हातांना तर अशा बदलांची जुनीच सवय. १९५८ पर्यंत इथे पोर्तुगीजांचं चलन, रुपिया आणि टांगा, सोळा टांग्यांचा रुपिया. १९५९ ला एस्कुदो आले, एका रुपियाला सहा. १९ डिसेंबर १९६१ नंतर भारतीय रुपया आला आणि बरोबर नवे पैसे. जेमतेम चार वर्षांत तीन चलनं. पण नव्या पैशांची एक मेहरबानी होती, आकार. पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी कडेचे, पुढे तीन आणि वीस पैसे षट्कोनी. खिशात हात घालून, न बघता नेमकं नाणं काढता येई. असली नाणी आपल्या या उतारावरून चार बोटंही गेली नसती, हे खरं. यंत्राला सोपं ते हाताला अवघड आणि हाताला सोपं ते यंत्राला, असा हा मामला दिसतो.

आताच्या नाण्यांत त्या घराण्याचा एकच वारस, वीस रुपये. बारा बाजूंचं नाणं गडगडताना डुलतं, कारण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं आणि बाजूपासून बाजूपर्यंतचं माप यांत जवळपास ०.९ मिलिमीटरचा फरक पडतो. तरी त्याची सर्वांत कमी उंची २५.६ च्या वरच राहते, त्यामुळे डुलत डुलत का होईना, शेवटच्या डब्यात पोचतं. अकरा बाजूंचे जुने तांबे-निकेलचे दोन रुपयेही, २६ मिलिमीटरचे, तिथेच येतात. किनाऱ्याकडच्या घरांत या डब्यात आणखी एक पाहुणा हमखास सापडतो. टिपच्या पेटीत पडलेला दोन युरो २५.७५ मिलिमीटरचा, म्हणजे चौथ्या खिडकीला केवळ ०.१५ ने चुकवून दहाच्या नाण्यांत जाऊन बसतो, दिसायलाही भाऊच. एक युरो २३.२५ चा, तो तिसऱ्या खिडकीत पडतो.

कचरा हा स्वतंत्र विषय. आरतीच्या ताटातली नाणी तेल, कुंकू आणि कापराच्या काजळीने माखलेली असतात. दहा-बारा गेली की कठड्यावर लाल चिकट रेघ उमटते आणि तिच्यावर पुढचं नाणं मंदावतं. किनाऱ्यावरच्या गल्ल्यातल्या नाण्यांबरोबर वाळू येते. एक कण टाइल आणि नाण्याच्या मधे आला की नाणं उडतं, आणि तोच कण ठोकळ्यांच्या सांध्यात गेला तर पकड कायमची सैल होते. नाणी आधी भांड्यांच्या साबणाने धुवावीत, फडक्यावर पसरून पुरती वाळवावीत. ओली नाणी भिंतीला चिकटतात, श्रावणात तर विशेष. पुठ्ठ्याचं यंत्र या हवेत आठवड्यात फुगून निकामी होतं, त्यापेक्षा ठोकळ्यांचं प्लास्टिक बरं. पावसाळ्यातही माप सोडत नाही.

डबे यंत्राला टांगू नयेत, जमिनीवर ठेवावेत. हजार रुपयांचे जुने पाच म्हणजे २०० नाणी, १.२ किलो, नवे असतील तर साडेतेराशे ग्रॅमच्या आत-बाहेर. एवढं वजन एका कोपऱ्याला लटकलं की सगळा सांगाडा पिळतो आणि ०.६ चा तो ओठ कुठल्या कुठे जातो.

पंचवीसचा पोलादी डबा शेवटी ताटात ओतून डोळ्यांनीच निवडायचा. ₹ चं चिन्ह दिसलं की २०११ किंवा नंतरचं, म्हणजे दोन. नसलं की जुना रुपया. बावीसच्या डब्यातही हीच खूण, तिथे जुने पन्नास पैसे रुपयांत लपलेले असतात. मोजणीसाठी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो: नव्या दोनाची शंभर नाणी ४०७ ग्रॅम, २०११ च्या दोनाची ४८५, नवे रुपये ३०९. २३ मिलिमीटरचे पितळी पाच शंभराला ६०० ग्रॅम, पण त्यांत तांबे-निकेलचे जाडजूड जुने पाच मिसळले तर काटा फसतो, कारण ते एकेक ९ ग्रॅमचं. ते रंगाने पांढरे आणि चुंबकाला न चिकटणारे, म्हणून पितळी डब्यात लगेच उठून दिसतात. आधी उचलून बाजूला करावेत. दहाची नाणी दुकानदार घेत नाहीत म्हणून घरात पडून राहतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये त्यांच्या तोवरच्या चौदाही नमुन्यांची नाणी वैध असल्याचं जाहीर केलेलं आहे, तेव्हा निःशंक बँकेत न्यावीत. पिशवीवर चिठ्ठी लावताना किमतीबरोबर मालिकेचं वर्षही लिहावं, नाहीतर दोनशे रुपयांच्या दोन पिशव्यांची वजनं जुळत नाहीत आणि काउंटरवरचा माणूस दोन्ही ओतून पुन्हा मोजायला बसतो.